मेश्रामच्या मिल्कशेकला तीन सह्या

ऑफिसातले किस्से कोणी जमवत नाही. कपाटावर टाकलेल्या फाइलींसारखे ते आपोआप साचतात. एक ओढायला जावं तर दहा अंगावर येतात, आणि हवी होती ती त्यात नसतेच! मी चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीत आस्थापना शाखेचा कारकून होतो. निवृत्त झालो त्या दिवशी वाटलं, चला, साठा बंद झाला. पण ऑफिस सुटलं तरी ऑफिसातली माणसं सुटत नाहीत, विशेषतः ती शेजारी राहत असतील तर. गेल्या उन्हाळ्यात आमचे जेवढे किस्से झाले तेवढे नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांत झाले नव्हते, आणि ते सगळे एका मिक्सरच्या आसपास झाले.

माणसं फार नाहीत. पराते आमचा हेडक्लार्क. त्याचे वडील मागावर लुगडी विणत. हा छत्तीस वर्षं टिपण्या विणत बसला. मेश्राम आवक-जावकला. तिसरा मी, खोडे. तिघांचीही घरं नागपूरच्या नंदनवन वस्तीत, कारण परातेने प्लॉट घेतला तेव्हा आम्ही दोघांनी नेहमीप्रमाणे ‘सहमत’ म्हटलं. चौथ्या सुशीलावहिनी, मेश्रामच्या पत्नी. त्या आमच्या ऑफिसात कधी आल्या नाहीत, त्यामुळे त्यांचं डोकं शाबूत आहे.

*

मेश्राम काय माणूस आहे ते आधी सांगायला हवं.

आमच्याकडे एकदा एक पत्र एक दिवस उशिरा आलं. ते ज्याचं होतं तो साहेबांच्या ओळखीचा निघाला. साहेबांनी मेश्रामला केबिनमध्ये बोलावलं आणि गोड आवाजात म्हणाले, “मेश्राम, याच्यावर कालचा शिक्का मारा.”

मेश्रामने पत्र उलटंपालटं करून पाहिलं. म्हणाला, “साहेब, काल मी होतो. शिक्काही होता. कागद नव्हता.”

साहेबांनी त्याला दुसऱ्याच दिवशी रेकॉर्ड रूममध्ये पाठवलं. झुरळं आणि मेश्राम, दोघंच. आठ महिने तो तिथे होता आणि आठ महिने आमच्या ऑफिसात आलेलं एकही पत्र कोणाला वेळेवर सापडलं नाही. शेवटी साहेबांनीच हात टेकले आणि त्याला परत आवक-जावकला आणण्याची ऑर्डर काढली.

मेश्राम ऑर्डर हातात घेऊन केबिनच्या दारात उभा. साहेब म्हणाले, “आता काय?”

“येतो ना साहेब. पण याच्यावर तारीख नाही!”

*

तर या मेश्रामच्या गालात गाठ निघाली. तीस वर्षांच्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पोचपावती. धंतोलीतल्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, मग किरणांची शेकाई झाली, आणि आमचा बहात्तर किलोचा मेश्राम सत्तेचाळीस किलोचा होऊन घरी आला. आवाज बसलेला. पातळ काही प्यायला गेलं की ते भलत्याच नळीत शिरायचं आणि ठसक्याने जीव कासावीस व्हायचा. साधं पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट करून द्यावं लागे.

त्यापूर्वी बावीस दिवस त्याला नाकातून नळी होती. त्या दिवसांविषयी तो एकदाच बोलला. “तुही वहिनी नळीत काय सोडून राहिली ते सांगे गा,” तो मला म्हणाला. म्हणजे माझी वहिनी, त्याची बायको. “आज मुगाचं वरण आहे, आज तुरीचं आहे. मले माह्यं जेवण बातमीसारखं ऐकू ये.”

डॉक्टरांनी सोडताना सांगितलं होतं, दीड महिन्यात वजन पन्नास झालं आणि गिळणं जमलं तर ठीक. नाहीतर नळी पुन्हा. वेळ जाऊ नये म्हणून नळी टाकण्याची चिठ्ठीही त्यांनी आधीच लिहून वहिनींच्या हातात दिली. वहिनींनी ती फ्रिजच्या दारावर चुंबक लावून ठेवली. मेश्राम पाणी घ्यायला उठला की तिच्याकडे न पाहता फ्रिज उघडायचा. न पाहता फ्रिज उघडणं किती अवघड असतं, ते करून पाहा.

*

आहारतज्ज्ञ मुलगी आमच्या पेन्शनच्या कागदांपेक्षा वयाने थोडी मोठी असेल. तिने छापील कागद काढला. “काकांना दिवसातून तीनदा पीनट बटर मिल्कशेक द्या. घरीच करायचा. घट्ट.”

पराते खुर्चीत पुढे सरकला. “पीनट बटर म्हणजे?”

“शेंगदाण्याचं लोणी.”

मेश्राम बसलेल्या आवाजात म्हणाला, “शेंगदाण्याले लोणी काहून येईन? शेंगदाणा का म्हैस आहे?”

मुलगी हसली. ऑपरेशननंतर त्याने केलेला तो पहिला विनोद होता, त्यामुळे आम्ही गरजेपेक्षा जास्त हसलो. पराते मात्र हसला नाही. त्याला मुद्दा सापडला होता. “मॅडम, घट्ट म्हणजे किती घट्ट? व्याख्या द्या.”

तिने व्याख्या दिली! चमचा भरून तिरपा करायचा. मिल्कशेक एका गोळ्यात घसरला पाहिजे. धार लागली तर द्यायचा नाही. चमच्याला चिकटून बसला तरी द्यायचा नाही. प्रत्येक ग्लासाला हे करून पाहायचं, रोज, न चुकता.

“हे लेखी मिळेल?” परातेने विचारलं.

तिने ते कागदाच्या मागे लिहून दिलं. पराते बाहेर येऊन मला म्हणाला, “पोरगी हुशार आहे गा. आपल्या ऑफिसात असती तर सडली असती.”

*

पीनट बटर आणायला आम्ही तिघं सीताबर्डीला गेलो. वहिनी म्हणाल्या होत्या की किराण्याच्या दुकानातही मिळतं, पण परातेचा आग्रह, वस्तू ‘अधिकृत’ दुकानातूनच घ्यायची. अधिकृत दुकान म्हणजे जिमवाल्यांचं. काउंटरवर बालदीएवढे डबे, भिंतीवर माणसांचे जोडीजोडीने फोटो. डावीकडे हडकुळा, उजवीकडे तोच माणूस फुगवलेला. मालकाचे दंड माझ्या मांडीएवढे होते.

“किसके लिए चाहिए अंकल?”

परातेने मेश्रामला पुढे केलं. शर्ट खुंटीवर टांगावा तसा त्याच्या खांद्यांवर लटकत होता. मालकाने वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं.

“टाइम लगेगा.”

“डेढ महिना है,” पराते म्हणाला.

मालकाला चेव आला. “चॅलेंज है तो चॅलेंज सही! पहले एक फोटो लेते हैं. डेढ महिने बाद दुसरा लेंगे, दोनो साथ में लगाएंगे.” त्याने मोबाइल काढला. “अंकल, बाजू मोडो. डोले दिखाओ.”

मेश्रामने शिस्तीत बटण काढलं, बाही वर केली आणि हात दुमडून दाखवला.

मालक थोडा वेळ मोबाइलमधून पाहत राहिला. मग त्याने मोबाइल खाली केला. “रहने दो अंकल. चेहरे का लेते हैं.”

*

तिथे दोन प्रकारचे डबे होते. एक गुळगुळीत आणि एक दाण्यांचे तुकडे असलेला. परातेने दोन्ही हातात तोलून तुकडेवाला निवडला. मी विचारलं, का? म्हणाला, “तुकडे दिसून राहिले म्हणजे आत शेंगदाणा आहे याचा पुरावा आहे. त्या दुसऱ्यात काय आहे कोणाले माहीत?”

मला ते पटलं. चौतीस वर्षं मला त्याचं सगळंच पटत आलं होतं.

वहिनींनी डबा उघडला, चमचा घातला आणि आमच्याकडे वळल्या. “याईले पाणी गिळता येत नाही, आणि तुम्ही दाणे आणले?”

पराते म्हणाला, “चाळून घेता येईन ना.”

वहिनींनी गॅसवर कढई ठेवली, कच्चे शेंगदाणे काढले आणि डबा माझ्या पिशवीत टाकला. तो मी अजून खातो आहे. संपतच नाही!

*

घरी पीनट बटर करणं सोपं आहे, हे कोणी सांगितलं तर त्याला आधी परातेबरोबर करून दाखवायला सांगा.

शेंगदाणे मंद भाजायचे, सालं चोळून पाखडायची, गार झाले की मिक्सरमध्ये फिरवायचे. पहिल्यांदा कूट होतं. मग त्याचा गोळा होऊन भांड्याच्या कडेला बसतो. इथेच माणसाचा धीर सुटतो. खरं म्हणजे मिक्सर थांबवायचा, कडा खरवडायच्या, पुन्हा फिरवायचा, असं चारपाचदा केलं की दाण्यांचं तेल सुटतं आणि एकदम सगळं मऊ, चकचकीत, वाहतं होतं. तेलाचा वेगळा थेंब लागत नाही.

गोळा झाल्यावर पराते अस्वस्थ झाला. “मोटर जळेल,” म्हणाला, आणि कोणाला काही कळायच्या आत त्याने दोन चमचे पाणी टाकलं. गोळ्याचा दगड झाला. मिक्सर एकदा कण्हला आणि बंद पडला. बटण इकडे केलं, तिकडे केलं, प्लग बदलला. काही नाही. आम्ही त्याला मृत घोषित करून टॉवेलात गुंडाळलं आणि स्कूटरवर दुरुस्तीवाल्याकडे नेलं. पराते मागे बसून त्याला पोटाशी धरून होता.

दुरुस्तीवाल्याने टॉवेल काढला, मिक्सर उलटा केला आणि तळाचं लाल बटण अंगठ्याने दाबलं. मिक्सर सुरू!

“जास्त लोड आला की हे बटण बाहेर येते, काका,” तो म्हणाला. “तुमच्या घरी कोणी शिकलेलं नाही का?”

परत आलो. वहिनींनी दुसरा घाणा लावला होता. पुन्हा गोळा झाला, पुन्हा पराते उठला. वहिनी त्याच्याकडे न वळता म्हणाल्या, “बसा भाऊजी. तुमच्या टेबलावरून फाइल हलाले तीन-तीन महिने लागत होते. त्या शेंगदाण्याले दहा मिनिटं तर द्या!”

*

मिल्कशेकची कृती वहिनींनी चार दिवसांत बसवली. पिकलेल्या केळ्यांच्या चकत्या फ्रीझरमध्ये दगडासारख्या गोठवायच्या. दोन केळी, दोन मोठे चमचे पीनट बटर, भिजवून चाळणीतून काढलेला खजूर, दोन चमचे दुधाची पावडर. म्हशीचं गार दूध सगळ्यात शेवटी आणि केळी जेमतेम फिरतील इतकंच. घट्टपणा गोठलेल्या केळ्यांचा असतो, दूध तो घालवतं. बर्फ घालायचा नाही, तो वितळून पाणी होतो.

पहिला ग्लास झाला तेव्हा परातेने त्यात चमचा उभा केला. उभाच राहिला. पराते खूश. मेश्रामने चमच्याकडे पाहिलं, मग भिंतीच्या पोपड्यांकडे पाहिलं.

“हा प्याचा आहे का यानं ते लिंपाचं आहे?”

पण खाल्ला. चमच्याचमच्याने, डोळे मिटून, पाऊण तास लावून. शेवटी म्हणाला, “खारट आहे जरासा.” वहिनी ओट्याकडे वळून उगाच ओटा पुसत राहिल्या. मीठ त्यांनी चिमूटभर घातलंच होतं. दोन महिन्यांनी त्याला चव कळली होती.

*

पेशंटला पाहायला माणसं येतात ही आपल्याकडची मोठी आपत्ती आहे. उमरेडहून मेश्रामचे साडू, साळी आणि त्यांच्याबरोबर उगाच आलेले दोघं, असे चारजण एका दुपारी आले. नागपूरची दुपार, डोक्यावर दुपट्टे, कूलरसमोर रांग. वहिनींनी माठाचं पाणी दिलं. साडूंची नजर मेश्रामच्या ग्लासावर.

“काय पिऊन राहिले भाऊ?”

“औषध,” मेश्राम म्हणाला.

“वास तर चांगला येऊन राहिला!”

दाखवायला म्हणून एक चमचा दिला. मग साळीला एक. उगाच आलेल्या दोघांना एकेक. वहिनींना दुसरा घाणा लावावा लागला, मग तिसरा. गोठवलेली केळी संपली. जाताना साडू मेश्रामचा हात हातात घेऊन म्हणाले, “तब्येतीची काळजी घ्या भाऊ. काही लागलं तर सांगजा.”

मेश्राम म्हणाला, “केळी लागतीन.”

*

दर रविवारी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधल्या काट्यावर वजन करायचं ठरलं होतं. परातेने वहीत तक्ता आखला. तिसऱ्या रविवारी मेश्राम अठ्ठेचाळीस किलो शंभर ग्रॅम भरला. अर्धी मुदत संपली होती आणि तीनपैकी एक किलो वाढलं होतं. परातेने तो आकडा तक्त्यात दोनदा गिरवला.

वातावरण हलकं करावं म्हणून मी परातेला म्हटलं, तूही चढ काट्यावर. तो नको नको म्हणत चढला. मेडिकलवाल्याने आकडा वाचला. तीन आठवड्यांत परातेचं वजन अडीच किलो वाढलं होतं!

आम्ही त्याच्याकडे पाहत राहिलो.

“प्रत्येक ग्लासाची चाचणी कोण करते?” पराते म्हणाला. “लेखी आहे ते.”

*

आता तीन सह्यांचं सांगतो. हे सांगताना मला हसू येत नाही, पण सोडून दिलं तर बाकीचं खोटं होईल.

आमच्या ऑफिसात एक रीत होती. कागद आपल्या टेबलावरून तसाच पुढे पाठवायचा नाही. काहीतरी करायचं. ‘तपासले’ लिहून सही करायची, शब्द बदलायचा, निदान स्वल्पविराम हलवायचा. नाहीतर वरच्याला वाटतं, हा बसून पगार खातो. छत्तीस वर्षं हे केलं की हाताला सवय लागते.

वैशाख पौर्णिमेला वहिनी विहारात गेल्या. जाताना मिक्सरचं भांडं भरून फ्रीझरमध्ये ठेवून गेल्या. दूधसुद्धा मोजून घातलेलं. “चार वाजता फक्त फिरवा,” त्या म्हणाल्या. “दुसरं काही करू नका.”

चार वाजता परातेने भांडं लावलं. मिक्सर अडखळला. परातेने थोडं दूध घातलं आणि फिरवून बाजूला ठेवलं. मग मी ग्लासात ओतायला गेलो. मला ते फार जड वाटलं, म्हणून मी थोडं दूध घातलं. ग्लास मेश्रामसमोर ठेवला. परातेने बाहेरून विचारलं, “चमचा पाह्यला का गा?” मला वाटलं, चाचणी तोच करतो, त्यानेच मघाशी केली असेल. मी म्हटलं, “हो, पाहिला.”

चौतीस वर्षं मी असंच ‘तपासले’ लिहीत होतो.

मेश्रामने ग्लास तोंडाला लावला आणि दुसऱ्या घोटाला त्याला ठसका लागला. साधा ठसका नाही. डोळे बाहेर आले, ओठ निळसर झाले, एक हात टेबलावर आपटत राहिला. परातेने त्याला पुढे वाकवलं, मी पाठ धरली, दोघंही काय करतोय ते आम्हाला कळत नव्हतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. कूलरचा आवाज तेवढा येत होता. शेवटी त्याचा श्वास लागला आणि तो खुर्चीत मागे टेकला.

पराते दुधाच्या पातेल्याकडे पाहत म्हणाला, “मी दूध टाकलं होतं.”

मी म्हटलं, “मीही.”

मेश्रामने डोळे उघडले. बोलता येत नव्हतं. त्याने हात वर केला आणि तीन बोटं दाखवली. आम्हाला कळेना. मग त्याने ते तिसरं बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

आमची पाठ वळल्यावर त्यानेही थोडं घातलं होतं! आयुष्यात एकदाही मागच्या तारखेचा शिक्का न मारलेल्या माणसाने!

वहिनी आल्या. ग्लास पाहिला, दुधाचं पातेलं पाहिलं, आमची तोंडं पाहिली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फ्रिजपाशी गेल्या, नळीची चिठ्ठी चुंबकाखालून काढली आणि चिकटपट्टीने मिक्सरवर लावली.

“उद्यापासून हे वाचा,” त्या म्हणाल्या, “आणि मंग हात लावा.”

त्या दिवसानंतर आम्ही कोणी मिक्सरला हात लावला नाही. चमचा मात्र प्रत्येक ग्लासाला तिघंही पाहायचो. वेगवेगळे.

*

दीड महिना संपला त्या सकाळी आम्ही धंतोलीला गेलो. मेश्राम आणि वहिनी ऑटोने, पराते आणि मी स्कूटरवर. आदल्या रविवारी मेडिकलच्या काट्यावर एकोणपन्नास सहाशे होते. पराते वाटभर गप्प होता. तो गप्प असला की काहीतरी करून बसलेला असतो, हे मला तेव्हाच समजायला हवं होतं.

ती आहारवाली मुलगी होती. मेश्राम चपला काढून काट्यावर चढला. पन्नास तीनशे!

परातेने टाळी वाजवली. मुलीने आकडा लिहायला पेन टेकवलं आणि थांबली. मेश्रामच्या पँटचा उजवा खिसा गुडघ्यापर्यंत लोंबत होता.

“काका, खिशात काय आहे?”

मी मेश्रामकडे पाहिलं. परातेने छताकडे पाहिलं. मेश्रामला कोणी सरळ प्रश्न विचारला की त्याचं काय होतं ते मी सुरुवातीला सांगितलंच आहे.

“कुलूप,” मेश्राम म्हणाला.

त्याने ते काढून टेबलावर ठेवलं. तळहाताएवढं, पितळी. मी ते पाहताच ओळखलं. आमच्या रेकॉर्ड रूमचं कुलूप! ते हरवल्याची पाच महिने चौकशी चालली होती. चौकशी अधिकारी पराते होता.

“मी फक्त देऊन ठेवलं होतं,” पराते पुटपुटला.

मुलीने मेश्रामला पुन्हा चढवलं. एकोणपन्नास सातशे.

“तीनशे ग्रॅम कमी आहे काका. मला सरांना सांगावं लागेल.” ती आत गेली. वहिनींनी पर्स उघडून चिठ्ठी काढली. मिक्सरवरून सोलून आणलेली, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टीचे तुकडे, मधोमध पीनट बटरचा तेलकट डाग. त्यांनी ती मांडीवर ठेवली आणि वरून हात ठेवला.

मेश्रामने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. “अकरा वाजले वं,” तो म्हणाला. “दे.”

वहिनींनी पिशवीतून थर्मास काढला, ग्लास भरला, चमचा तिरपा केला. एका गोळ्यात घसरला. मी पाहिलं. परातेने पाहिलं. मेश्राम कॉरिडॉरच्या बाकावर ताठ बसला आणि खाऊ लागला. एक चमचा. हनुवटी खाली, गिळणं. दुसरा चमचा. बाकावरचे दुसरे पेशंट पाहायला लागले. एक नर्स ट्रे घेऊन थांबली. केबिनचं दार उघडून डॉक्टर बाहेर आले आणि चौकटीत उभे राहिले. त्यांच्यामागे ती मुलगी. मेश्रामने घाई केली नाही. आवक रजिस्टरात नोंदी करायचा तसा एकेक चमचा निपटत गेला. ग्लास संपला. कडेचं खरवडून तेही खाल्लं. रुमालाने तोंड पुसलं, चपला काढल्या आणि कोणी न सांगता काट्यावर जाऊन उभा राहिला.

पन्नास शून्य पन्नास.

“काका, असं चालत नाही,” मुलगी म्हणाली, पण आकडा तिने लिहून घेतला.

डॉक्टरांनी काट्याकडे पाहिलंच नाही. ते रिकाम्या ग्लासाकडे पाहत होते. “ठसका?” त्यांनी वहिनींना विचारलं.

“वीस दिवस झाले साहेब. नाही आला.”

डॉक्टरांनी हात पुढे केला. वहिनींनी चिठ्ठी दिली. त्यांनी ती वाचली, डाग पाहिला, हुंगलाही बहुतेक, आणि दोन्ही हातांनी फाडायला धरली.

“फाडू नका साहेब!” मेश्राम म्हणाला. ऑपरेशननंतर इतका मोठा आवाज त्याचा कोणी ऐकला नव्हता. “फाडलेला कागद कोणी भी नवा बनवते. आडवी रेघ मारा. ‘रद्द’ लिहा. सही करा.”

डॉक्टरांनी चिठ्ठी भिंतीला टेकवली, खिशातलं पेन काढलं, आडवी रेघ मारली, ‘रद्द’ लिहिलं, खाली सही केली आणि चिठ्ठी मेश्रामच्या हातात दिली.

मेश्रामने चष्मा लावला. पुढून वाचली, मागून वाचली आणि डॉक्टरांना परत दिली.

“तारीख,” तो म्हणाला.